सुरूच्या बनातील सोबती

बालरोगतज्ज्ञाच्या आयुष्यात पहाट ही एकच वेळ अशी असते, जी त्याला स्वतःची म्हणता येते. एकदा दवाखान्याचे दार उघडले, की ताप, लसीकरण आणि आजीबाईंच्या शंका यांत दिवस कधी मावळतो ते कळत नाही. म्हणून गेली सात वर्षे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, रविवारी पहाटे मी सुरत सोडून हजीऱ्याच्या रस्त्याला लागतो. मागच्या आसनावर मोती असतो. मोती हा आमचा कुत्रा. जातीने अस्सल गावठी, रंगाने तांबूस, आणि स्वभावाने माझ्यापेक्षा पुष्कळच मोकळा.

कुत्र्यासोबतच्या भटकंतीवर मी लिहावे, याचे माझ्या जुन्या मित्रांना नवल वाटेल. निवासी डॉक्टर असताना एका रात्री सात वर्षांचा एक मुलगा आमच्या वॉर्डात दाखल झाला. दोन महिन्यांपूर्वी गल्लीतले पिल्लू त्याला चावले होते आणि घरच्यांनी जखमेवर हळद-चुना लावला होता. पाण्याचा पेला पाहताच त्याच्या घशाला येणारा पेटका मी आजही विसरलेलो नाही. तो शुद्धीवर होता, आईशी बोलत होता, आणि आमच्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खाट रिकामी होती. त्यानंतर वीस वर्षे मी कुत्र्याच्या अंगाला हात लावला नाही. मग एका पावसाळ्यात धाकट्या मुलीने ओढणीत गुंडाळून एक भिजलेले पिल्लू घरी आणले. मी दिलेली एका रात्रीची मुदत अजून संपलेली नाही!

हजीरा म्हटले की डोळ्यांपुढे कारखान्यांची धुराडी आणि टाक्या येतात. ते खरेच आहे. किनाऱ्याचा बराच भाग कुंपणाआड गेला आहे आणि तिकडे फिरकू नये हे उत्तम. परंतु तापीच्या मुखापासून उत्तरेकडे सुवालीच्या बाजूला वळले, की काळसर वाळूचा लांबच लांब किनारा लागतो. त्याच्या कडेला सुरूची झाडे, मध्ये मध्ये गांडा बावळाची काटेरी रानटी गर्दी आणि खाडीच्या चिखलात तिवरे, असे येथले वन आहे. ते सह्याद्रीच्या रानासारखे भव्य नाही. पण पहाटेच्या वाऱ्यात सुरूमधून येणारा आवाज ऐकला, की समुद्र कुठे संपला आणि झाड कुठे सुरू झाले ते सांगता येत नाही.

या वाटेला मोठा इतिहास आहे. सुरतेच्या व्यापारासाठी येणारी इंग्रजी जहाजे सुवालीलाच नांगरत. १६१२ मध्ये येथल्याच समुद्रात इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली आणि १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो येथेच उतरला. त्याच्या पदरी असलेला पाद्री एडवर्ड टेरी याने इंग्लंडहून जहांगीर बादशहासाठी पाठविलेल्या मॅस्टिफ जातीच्या कुत्र्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. चालणाऱ्यांना अधिक जवळचा वाटेल तो टॉम कोरियट. जेरुसलेमहून अजमेरपर्यंतचा बहुतेक प्रवास पायी करणारा हा इंग्रज १६१७ च्या डिसेंबरात सुरतेत वारला. राजगरी गावाजवळची एक छोटी घुमटी त्याचे थडगे म्हणून ओळखली जाते. माझ्या तीन-चार किलोमीटरांच्या पायपिटीला त्याच्यापुढे काय किंमत! तरी तिच्या बाजूने जाताना मी मनातल्या मनात त्याला नमस्कार करतो.

कुत्र्यासोबत चालणे हे एकट्याने चालण्यापेक्षा निराळे असते. आपण डोळ्यांनी चालतो, तो नाकाने चालतो. एका ओंडक्यापाशी तो पाच मिनिटे थांबतो. रात्री तेथून कोल्हा गेला की मुंगूस, हे त्याला कळत असावे. त्याच्यामुळे मीही थांबायला शिकलो. सुरूची जी सुईसारखी पाने आपण म्हणतो, त्या वस्तुतः बारीक हिरव्या डहाळ्या असतात. खरी पाने म्हणजे त्यांच्या पेरांवरचे इवलेसे खवले. हे मी पुस्तकात वाचले होते, पण पाहिले ते मोती थांबला तेव्हा.

सुरुवातीची दोन वर्षे बनात पोचलो, की मी त्याची दोरी सोडून देत असे. रान मोकळे, माणूस नाही, कुत्र्याला सगळ्या लसी दिलेल्या. मग भीती कोणाला? एका जानेवारीत त्याचे उत्तर मिळाले. बनाच्या कडेला एक पाच-सहा वर्षांचा मुलगा आईसोबत वाळलेल्या काटक्या गोळा करीत होता. मोती खेळण्याच्या उत्साहात त्याच्याकडे धावला. मुलगा किंचाळून पळाला, मोती अधिकच आनंदाने मागे लागला, आणि मुलगा काट्यांत पडला. मी धावत पोचलो. दात लागले नव्हते. गुडघे आणि तळहात मात्र सोलवटले होते. जखमा धुता धुता मी त्या माउलीला समजावू लागलो, की काळजी करू नका बेन, माझ्या कुत्र्याला सगळी इंजेक्शने दिलेली आहेत. ती गुजरातीत जे बोलली त्याचा अर्थ असा : ‘‘साहेब, ते तुम्हाला ठाऊक. माझ्या पोराला कसे कळणार?’’

तीस वर्षांत ऐकलेल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा हे वाक्य मला अधिक शिकवून गेले. वॉर्डातल्या त्या मुलाच्या आठवणीने जो माणूस वीस वर्षे कुत्र्यांना भ्याला, त्यानेच दुसऱ्या एका मुलाला ती भीती दिली होती. त्या मुलाची भीती अनाठायीही नव्हती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२२-२३ च्या सर्वेक्षणावरून आपल्या देशात रेबीजने वर्षाला सुमारे ५,७२६ मृत्यू होतात असा अंदाज निघाला. पूर्वीच्या अंदाजांपेक्षा हा आकडा पुष्कळ कमी आहे. तरीही वेळीच उपचार मिळाल्यास जवळजवळ पूर्णपणे टाळता येणाऱ्या रोगाचे हे बळी आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील रेबीजबळींत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात.

त्या दिवसापासून दोरी सुटली नाही. दोरीचा लाभ केवळ मुलांना नाही. टिटवी आणि चिखल्या पक्षी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि हिवाळ्यात दूर उत्तरेहून आलेले तुतवार ओहोटीच्या चिखलात पोट भरत असतात. मोकळ्या कुत्र्याची एक धाव त्यांना उठवते. शिवाय गांडा बावळाच्या जाळीत शिरलेला कुत्रा काय घेऊन परतेल याचा नेम नसतो : काटा, गोचीड, क्वचित सर्पदंशही.

दुसरी गोष्ट विष्ठेची. आपल्या समव्यवसायी बंधुभगिनींना सांगणे नलगे, की कुत्र्याच्या आतड्यातील अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर, सावलीतल्या वाळूत जगतात आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलाच्या कातडीत शिरून नागमोडी, खाजरी रेघ उमटवितात. म्हणून मोतीला ठरल्या वेळी जंताचे औषध मिळते आणि माझ्या खिशात पिशवी असते. पावसाळ्यात आम्ही जात नाही. दक्षिण गुजरातेत तो लेप्टोस्पायरोसिसचा हंगाम आहे, आणि साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला व मालकाला दोघांनाही तो होऊ शकतो.

तिसरी गोष्ट समुद्राची. कोकणातली माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित मुंबईकडचे. खंभातच्या आखातात भरती उशिरा पोचते. तेव्हा येथे भरतीचे कोष्टक पाहूनच निघावे. पाणी वेगाने चढते, चिखल फसवा आहे, आणि पोहण्याचा मोह तर मुळीच धरू नये. ऊन चढायच्या आत परतावे. काळी वाळू लवकर तापते. तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद वाळूवर टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही तेथे टेकू नयेत. प्यायला गोडे पाणी सोबत न्यावे, कारण तहानलेला कुत्रा खारे पाणी पितो आणि आजारी पडतो.

त्या प्रसंगानंतरच्या रविवारी मी साबणाच्या वड्या घेऊन त्यांच्या वस्तीवर गेलो. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, एवढे चारच धडे मुलांना दिले. आता दर हिवाळ्यात आमची ही शाळा भरते. पंधरा मिनिटे म्हणजे किती, हे कळावे म्हणून मुले हात धुता धुता गाणी म्हणतात. मोती तेव्हा सुरूच्या खोडाला बांधलेला असतो.

तो मुलगा आता चौथीत आहे. अजूनही तो मोतीला हात लावत नाही, आणि मीही आग्रह करीत नाही. पण आमची गाडी दिसली की लांबूनच मोतीचे नाव घेऊन हाक मारतो. मोती शेपटी हलवतो. मी दोरी आखूड धरतो, आणि आम्ही तिघे बनातल्या वाटेला लागतो : तो पुढे, आम्ही दोघे दहा पावले मागे.