काळ्या घोड्याची जत्रा

आपल्या गावाकडे जत्रा भरते. देवाची पालखी निघते. रात्री तमाशाचा फड लागतो. दुसऱ्या दिवशी कुस्त्या होतात. पोरे पाळण्यात बसतात. बाया बांगड्या भरतात. येताना घरच्यांसाठी शेव-रेवडीचा पुडा बांधून आणायचा. जत्रेचा दिवस कुणाला सांगावा लागत नाही. तो तोंडपाठच असतो.

शहरातही जत्रा भरतात. गाणे असते, नाटक असते, चित्रे असतात, खाणेपिणे असते. पण एक फरक आहे. गावची जत्रा कानावर येते. शहरची जत्रा कागदावर येते. भिंतीवरच्या फलकावर येते, वर्तमानपत्रात येते, आता तर फोनच्या पडद्यावर येते. ज्याला वाचता येत नाही त्याच्या दारावरून ती निघून जाते आणि त्याला पत्ताही लागत नाही.

अशाच एका शहरी जत्रेची माहिती आज आपण घेऊ. मुंबईत कोट भागात काळा घोडा नावाची जागा आहे. तिथे १९९९ सालापासून कलेचा मोठा उत्सव भरतो. मधे करोनाच्या साथीमुळे खंड पडला, पण उत्सव पुन्हा सुरू झाला. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी नऊ दिवस तो चालतो.

घोडा कुठला?

मंडळी विचारतात, "गुरुजी, तिथे खरंच घोडा आहे का?" आहे, पण त्याची गंमत आहे.

१८७९ साली त्या चौकात इंग्लंडच्या युवराजाचा घोड्यावर बसलेला पुतळा उभारला. हाच युवराज पुढे सातवा एडवर्ड म्हणून राजा झाला. लोकांनी राजपुत्राचे नाव काही लक्षात ठेवले नाही. घोडा काळा दिसे, म्हणून जागेला नाव पडले काळा घोडा. पुढे इंग्रज गेले. १९६५ साली पुतळाही तिथून हलवला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. पण नाव गेले नाही. घोडा नसलेल्या चौकाला लोक पन्नास वर्षे काळा घोडाच म्हणत राहिले. शेवटी २०१७ साली तिथे नवा काळा घोडा बसवला. त्याच्या पाठीवर राजा नाही, कुणीच नाही. मला ते फार आवडले.

जत्रेत काय असते?

उत्सवाच्या दिवसांत तिथला एक रस्ता गाड्यांना बंद करतात. रस्त्यावर मोठमोठ्या कलाकृती मांडतात. हातमाग, मातीकाम, लाकूडकाम यांची दुकाने लागतात. आजूबाजूच्या सभागृहांत आणि बागांत गाणे, नाच, नाटक, सिनेमा, पुस्तकांवर बोलणे असे कार्यक्रम होतात. मुलांसाठी वेगळे खेळ असतात. जुन्या इमारतींची माहिती सांगत फिरवून आणणारे लोकही असतात. कार्यक्रम पाहायला पैसे पडत नाहीत.

या जागेला करमणुकीचा इतिहासही आहे. चौकाजवळ वॉटसन हॉटेल नावाची लोखंडी सांगाड्याची इमारत आहे. ७ जुलै १८९६ रोजी आपल्या देशात पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला, तो तिथे. त्या खेळांना हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाचे एक मराठी गृहस्थ गेले होते. त्यांना लोक सावेदादा म्हणत. त्यांनी विलायतेहून यंत्र मागवले आणि १८९९ साली स्वतः चित्रे टिपली. कशाची? कुस्तीची! म्हणजे आपल्या जत्रेतला कुस्तीचा फडच पहिल्यांदा पडद्यावर गेला. ती इमारत मात्र आता फार जीर्ण झाली आहे. २०१९ साली तिथल्या लोकांना बाहेर काढावे लागले.

मावशींची गोष्ट

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येत. कोट भागातल्या एका कचेरीत त्या झाडलोट करीत. अठरा वर्षे त्यांची वाट काळ्या घोड्यावरून जात होती. अक्षरे जुळू लागली तसा त्यांना एक नादच लागला. दिसेल ती पाटी वाचायची.

एके दिवशी त्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, ते जहांगीर कलादालन म्हंजे काय हो? मला वाटायचं ती कुणाची तरी बँक आहे."

मी सांगितले, "तिथं चित्रं मांडलेली असतात. कुणीही जाऊन बघावीत."

"तिकीट?"

"तिकीट नाही."

त्यांना ते खरे वाटेना. म्हणाल्या, "आमच्यासारख्याला कोण आत सोडतंय!"

त्यांचेही चुकत नव्हते. त्याच भागातल्या एका इमारतीत त्या एकदा पाणी प्यायला गेल्या, तेव्हा दरवानाने त्यांना मागच्या दाराने यायला सांगितले होते. एकदा असे झाले की माणूस सगळीच दारे आपल्याला बंद समजतो. शाळामास्तर म्हणून मी हे फार पाहिले आहे. पाटी न वाचता येण्यापेक्षा "हे आपल्यासाठी नाही" ही समजूत जास्त अडवते.

मी ठरवले की वर्ग घेऊन जायचे. उत्सवातला रविवार धरला. आम्ही अकरा जण निघालो. कलादालनाच्या पायरीशी मावशी थबकल्या. चप्पल काढू लागल्या. मी म्हणालो, "चप्पल असू द्या. हे देऊळ नव्हे." दारावरच्या माणसाने काही विचारले नाही. आम्ही आत गेलो.

आत एका चित्रापुढे मावशी बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यात एक बाई विहिरीवर पाणी शेंदत होती. मावशी म्हणाल्या, "हिनं दोर चुकीचा धरलाय. असा धरला तर हात सोलून निघेल." चित्र काढणारा तरुण तिथेच होता. त्याने हे ऐकले. तो पुढे आला आणि त्याने विचारले, "मग कसा धरायचा?" मावशींनी हाताने करून दाखवले. तो वहीत टिपून घेत होता.

परत येताना गाडीत मावशी गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अठरा वर्षं दारावरून गेले, गुरुजी. आत जायला दोन मिनिटं लागली."

ही दारे कुणी उघडली?

जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले. सर कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली आणि आपल्या दिवंगत मुलाचे नाव त्याला दिले. त्यापूर्वी चित्रकारांना आपली चित्रे मांडायला मुंबईत चांगली जागा मिळत नसे.

शेजारीच डेव्हिड ससून वाचनालय आहे. पिवळसर दगडाची इमारत आहे. ती १८७० साली पुरी झाली. पण संस्था जुनी आहे. १८४७ साली टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी ती काढली. यंत्रांवर काम करून आल्यावर वाचायला, शिकायला त्यांना जागा हवी होती. विचार करा. ज्या देखण्या इमारतीकडे आपण बिचकून पाहतो तिचा पाया हातांनी काम करणाऱ्यांनी घातला. उत्सवात तिच्या मागच्या बागेत कार्यक्रम होतात.

आणखी एका माणसाची गोष्ट सांगतो. कृष्णाजी हौळाजी आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळ झाला. लहानपणीच ते मुंबईत आले. लोकांच्या घरी गडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. काम आटोपले की चित्रे काढायची. १९४२ साली त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन झाले. १९४७ साली त्यांनी सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर प्रगतिशील चित्रकारांचा गट उभा केला. या हुसेन यांनीही आधी सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले होते. आज या मंडळींची चित्रे मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

मराठी कवी अरुण कोलटकर याच चौकातल्या वेसाइड इन नावाच्या हॉटेलात येऊन बसत. खिडकीतून त्यांना काय दिसे? रस्ता झाडणारी बाई, कागद वेचणारी पोरे, सकाळी इडली विकणारी बाई. त्यांच्यावर त्यांनी इंग्रजीत कविता लिहिल्या. ते पुस्तक २००४ साली निघाले. ते हॉटेल आज नाही, पण झाडणारे हात त्या पुस्तकात राहिले.

पत्रक कसे वाचावे?

आता कामाची गोष्ट. कुठल्याही कार्यक्रमाचे पत्रक हातात आले तर पाच गोष्टी शोधाव्यात.

पहिली, काय आहे? नाटक, गाणे की चित्रे?

दुसरी, कधी आहे? तारीख आणि वार दोन्ही पाहा. वेळ कधी रेल्वेच्या घड्याळाप्रमाणे छापतात. १८.३० असे असेल तर त्यातून १२ वजा करा. म्हणजे संध्याकाळचे साडेसहा.

तिसरी, कुठे आहे? एकाच उत्सवात अनेक जागा असतात. नाव नीट वाचा, नाहीतर गाणे एकीकडे आणि आपण दुसरीकडे.

चौथी, पैसे किती? "विनामूल्य" म्हणजे फुकट. काळ्या घोड्याच्या उत्सवातले कार्यक्रम विनामूल्य असतात. जवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. ते पाहायला एरवी तिकीट काढावे लागते. दर दारावर लिहिलेले असतात.

पाचवी, नोंदणी हवी का? "नोंदणी आवश्यक" म्हणजे आधी नाव द्यावे लागते. "प्रथम येणाऱ्यास प्राधान्य" म्हणजे जो आधी येईल त्याला जागा. तिथे अर्धा तास आधी जाऊन रांगेत उभे राहावे.

अडचण खरी आहे ती सांगतो. या उत्सवाची बरीच माहिती इंग्रजीत असते. पण आकडे वाचता आले की तारीख आणि वेळ कळते. बाकीचे कुणालाही विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. मी मास्तर असून विचारतो.

पोटोबा

जत्रा म्हटली की खाणे आलेच. उत्सवात खाण्याची दुकाने लागतात, पण भाव चढे असतात. आधी भाव विचारावा, मग हात लावावा. त्या भागातली काही हॉटेले तर अशी आहेत की एका जेवणात आपला आठवड्याचा बाजार होईल. त्याची लाज धरू नये आणि हेवाही करू नये. बाजूच्या गल्ल्यांत वडापाव आणि चहा मिळतो. आम्ही तर भाकरी, पिठले आणि कांदा बांधून नेला होता. झाडाखाली बसून जेवलो. शेजारच्या कॉलेजातल्या दोन मुलींनी मावशींकडे भाकरीचा तुकडा मागून घेतला.

जाताना हे लक्षात ठेवा

चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या दोन्ही ठिकाणांहून पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. शनिवार-रविवारी गर्दी फार होते. जमल्यास मधल्या वारी जा. मुलांच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पाण्याची बाटली न्या. चित्रांना हात लावू नका. फोटो काढायचा तर आधी विचारा.

आणि एकटे जाऊ नका. ज्याला अजून वाचता येत नाही असा एक माणूस बरोबर न्या. त्याला पाट्या वाचून दाखवा. पुढच्या वर्षी तो तुम्हाला वाचून दाखवील.

आमच्या मावशींनी मागच्या वर्षी तेच केले. कचेरीतल्या तिघी जणींना त्या घेऊन गेल्या. मी बरोबर नव्हतो. परत आल्यावर त्यांनी पत्रकाचा कागद माझ्या पुढ्यात ठेवला. तीन कार्यक्रमांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. मी विचारले, "या रेघा कुणी मारल्या?"

त्या म्हणाल्या, "कोण मारणार? मीच वाचून मारल्या की!"