पुणेकरांचा उन्हाळी रविवार आणि आपली शेती

आठवड्यांतून एक दिवस काम थांबवावें ही रीत शेतकऱ्याची नव्हे. बैलाला पोळ्याची विश्रांति आहे, जमिनीला वैशाखाच्या उन्हांत तापण्याची सवड आहे. पण गाय रविवारींहि दूध देते आणि पिकाची पाण्याची पाळी वार पाहून पुढें जात नाहीं. रविवारची सुटी ही गिरण्यांच्या व कचेऱ्यांच्या जगांतली वस्तु होय. ती मिळवून देण्याचें मोठें श्रेय महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे जातें. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीनें त्यांनीं कित्येक वर्षें खटपट केली, तेव्हां १० जून १८९० पासून त्या कामगारांस रविवार मोकळा मिळूं लागला. पुढें २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांचा आठवडा पांच दिवसांचा झाला, आणि हिंजवडीसारख्या ठिकाणच्या संगणक कंपन्यांत तर शनिवारची सुटी त्याच्याहि आधींपासून आहे. याप्रमाणें पुणें शहरांतील असंख्य कुटुंबांच्या हातीं आतां दर आठवड्यास दोन मोकळे दिवस आहेत.

ही सुटी आपली नसली, तरी तिच्याशीं आपला संबंध नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. पुण्याभोंवतालच्या शंभर किलोमीटरांच्या टापूंत ज्यांची जमीन आहे, त्यांच्या दृष्टीनें पुणेकरांचे शनिवार-रविवार, त्यांतहि चैत्र-वैशाखांतले, हा एक हंगामच आहे. या हंगामांत शहराचा पैसा बाहेर पडतो. त्यांतला आपल्या हातीं किती लागतो, आणि तो मिळण्यासाठीं जमीन द्यावी लागते कीं जमीन राखूनहि तो मिळूं शकतो, या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

शहराचा रविवार कसा जातो

पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर वसलेलें आहे. एप्रिलमध्यें दुपारचा पारा ३८ अंशांच्या आसपास असतो व कांहीं दिवशीं चाळिशीहि ओलांडतो; परंतु सूर्य कलल्यावर पश्चिमेचा वारा सुटतो आणि उकाडा कमी होतो. म्हणून पुणेकराचा उन्हाळी सुटीचा दिवस हा मुळांत सकाळ-संध्याकाळचा असतो. मधली दुपार दारें-खिडक्या लोटून निजण्यांत जाते. सकाळीं पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी येथें फिरणाऱ्यांची गर्दी होते. तेथून उतरून मंडई गांठावयाची, घरीं आमरस-पोळीचें जेवण करावयाचें, आणि उन्हें उतरल्यावर मुलांना घेऊन सारसबाग अगर एम्प्रेस गार्डन गांठावयाचें, असा साधारण क्रम असतो. चैत्रांतल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ व पन्हें लागतें. शेजारणी पाजारणी मिळून गच्चीवर कुरडया, पापड व सांडगे वाळत घालण्याचा परिपाठ पूर्वीं घरोघर होता. आतां गच्ची सर्वांच्या मालकीची झाल्यामुळें म्हणा अगर सवड नसल्यामुळें म्हणा, कित्येक घरें हें वाळवण विकत घेतात.

या सर्व सुखाचा हिशेब मांडून पाहावा. रसाचा आंबा, पन्ह्याची कैरी, डाळीचा हरभरा, कुरडईच्या चिकाचा गहूं, कलिंगड, मावळ-मुळशीकडचीं करवंदें व जांभळें, आणि २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेलें पुरंदरचें अंजीर, हीं सगळीं कोणाच्या तरी शेतांतून अगर रानांतून आलेलीं असतात. शहराच्या रविवाराची गोडी आपल्या मालावर उभी आहे. पण त्या गोडीचा मोबदला मात्र वाटेंत अनेक हातांत वांटला जातो.

सिंहगडाचा धडा

हा मोबदला कष्ट करणाऱ्याच्याच हातीं कसा पडावा, याचें जुनें व साधें उदाहरण पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारें ३० किलोमीटरांवर आहे. सिंहगडाची उंची सुमारें १३०० मीटर असल्यानें शहर तापलेलें असतांहि तेथें वारा असतो. लोकमान्य टिळकांचा बंगला या गडावर असून ते उन्हाळ्यांत तेथें राहावयास जात. आज शनिवारीं-रविवारीं पुण्यांतून माणसांची रीघ लागते. त्यांना आसपासच्या वस्त्यांतील कुटुंबें पिठलें-भाकरी, वांग्याचें भरीत, कांदाभजीं व मडक्यांतलें दहीं देतात.

या दह्याचाच विचार करावा. दुधाचा दर संकलन केंद्रावर फॅट पाहून ठरतो आणि तो ठरविणारा दुसरा असतो. तेंच दूध लहान मडक्यांत विरजलें म्हणजे मडक्याच्या अंगाला असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून त्यांतलें कांहीं पाणी शोषलें जातें व बाहेरून वाफ होऊन उडतें. त्यामुळें दहीं घट्ट होतें आणि भर उन्हाळ्यांतहि गार राहतें. येथें यंत्र नाहीं, वीज नाहीं, जाहिरात नाहीं. भांडवल एवढेंच कीं दारीं दुभतें जनावर असावें, कुंभाराचें मडकें मिळावें व चढणीचा कंटाळा नसावा. मालाचा दर मात्र विकणारी बाई स्वतः सांगते. गिऱ्हाईक जेथें आपण होऊन येतें, तेथें माल तयार करून दिला तर दर आपल्या हातीं राहतो, हा सिंहगडाचा धडा आहे.

शहरांत जाऊन विकण्याचे मार्गहि आतां पूर्वींपेक्षां मोकळे आहेत. २०१६ च्या जुलै महिन्यांत राज्य शासनानें फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून मुक्त केला, आणि त्याच वर्षीं संत शिरोमणी सावता माळी यांच्या नांवें शेतकरी आठवडे बाजारांची योजना निघाली. पणन मंडळ आंब्याच्या दिवसांत पुण्यांत महोत्सव भरवितें व तेथें कोंकणांतील बागाईतदार आपला आंबा स्वतः विकतात. शेतकऱ्यांच्या एखाद्या गटानें आळीपाळीनें एकेक माणूस अशा बाजारास पाठविला, तर प्रत्येकाचा दिवस मोडत नाहीं व सर्वांचा माल गिऱ्हाइकापर्यंत पोंचतो.

मामाचें गांव आणि फार्महाऊस

तथापि शहराचा माणूस आतां नुसतें फळ घेऊन तृप्त होत नाहीं. त्याला झाड पाहावयाचें असतें. याचें कारण उघड आहे. दोन पिढ्यांपूर्वीं पुण्याच्या पेठांत राहणाऱ्या पुष्कळ घरांचा गांवाशीं नात्याचा धागा होता. शाळा सुटल्या कीं मुलें मामाच्या गांवीं जात, अढीतले आंबे खात, विहिरींत पोहावयास शिकत आणि मृगाच्या आधीं परत येत. आज ज्यांचा मामाहि कोथरूडांत अगर हडपसरांत राहतो अशीं मुलें शहरांत पुष्कळ आहेत. त्यांच्या आईबापांना विहीर, गोठा व आमराई आठवते. मुलांना ती दाखवावी असें वाटतें. पण कोणाच्या दारीं जावें हें ठाऊक नसतें.

ही ओढ दोन वाटांनीं आपल्या बांधावर येते. एका वाटेनें येणारा माणूस पाहुणा म्हणून येतो, दोन दिवस राहतो, पैसे देतो व परत जातो. दुसऱ्या वाटेनें येणारा जमिनीचा भाव विचारतो. मुळशी, मावळ, भोर व वेल्ह्याच्या बाजूस फार्महाऊससाठीं झालेले तुकडे वाचकांनीं पाहिलेच आहेत. भोंवतीं तारेचें कुंपण, आंत बंगला व हिरवळ, आणि त्या हिरवळीसाठीं खोल विंधणविहीर. मालक महिन्यांतून दोन दिवस येतो, आणि जमिनीचा पूर्वींचा धनी तेथेंच पहारेकरी म्हणून राहतो, हेंहि कोठें कोठें दिसतें.

जमीन विकणें हें पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. कर्ज, आजारपण, मुलीमुलांचें शिक्षण यांपुढें माणसाचा इलाज चालत नाहीं. पण विकणाऱ्यानें एवढें ध्यानांत धरावें कीं १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच घेतां येते. ज्यानें शेवटचा गुंठाहि दिला, त्याला उद्यां दुसरीकडे जमीन घेतांना आपण शेतकरी आहों हें सिद्ध करण्याची पाळी येऊं शकते. जमिनीची किंमत एकदांच येते. पाहुणा मात्र दर उन्हाळ्यास येतो.

पाहुणचाराचा धंदा

शेतावर पाहुणे ठेवण्याच्या या धंद्यास कृषि पर्यटन म्हणतात. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील मोराची चिंचोली हें गांव चिंचेच्या झाडांमुळें व मोरांमुळें प्रसिद्ध असून तेथें शेतकरी कुटुंबें पुण्यांतील लोकांची सोय करितात. बारामती तालुक्यांतहि या धंद्याचे प्रयोग झाले. २०२० सालीं राज्य शासनानें कृषि पर्यटनाचें धोरण ठरविलें. त्याअन्वयें शेतकऱ्यास, तसेंच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांस पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करितां येते.

हुरड्याच्या दिवसांत पाहुणे सहज मिळतात. उन्हाळ्यांत ते यावे म्हणून थोडा विचार करावा लागतो. पहिली गोष्ट वेळेची. पाहुण्यांस शनिवारीं दुपारीं चारनंतर बोलवावें, रात्रीं अंगणांत अगर गच्चीवर बाजा टाकून उघड्यावर निजूं द्यावें, पहांटे उठवून धारा, मोटारीचें पाणी व शेत दाखवावें, आणि दहाच्या आंत सावलींत आणावें. दुपार आमराईची, पंगतीची व झोपेची. घरांत कुरडया घालावयाच्या असतील तर त्या पाहुण्यांच्या हातूनच घालवाव्या. शहरांत हरवलेला हा मेळा त्यांना कोणत्याहि खेळापेक्षां अधिक आवडतो, आणि वाळवण सुकलें कीं तें विकतहि घेतलें जातें.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. शहरी पाणीपुरवठ्यासाठीं दरडोई दररोज १३५ लिटर, तर जल जीवन मिशनमध्यें खेड्यासाठीं ५५ लिटर हें मान धरलेलें आहे. वीस पाहुणे एक दिवस राहिले तर शहरी मानानें २७०० लिटर पाणी लागेल. खेड्याच्या मानानें ११०० लिटर. मे महिन्यांत विहीर तळाला गेलेली असतांना हा १६०० लिटरांचा फरक म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. म्हणून फवारे न बसवितां बादली-तांब्या ठेवावा, न्हाणीचें पाणी अळूला व केळींना न्यावें, आणि विहिरीची स्थिति पाहुण्यांस स्पष्ट सांगावी. प्रामाणिकपणें सांगितलेलें माणसें ऐकतात. पाणीच नसेल तर त्या उन्हाळ्यांत पाहुणे घेऊं नयेत.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. प्लास्टिकचा कागद अंथरलेलें शेततळें हें मुलांना सर्वांत धोक्याचें; कागद बुळबुळीत असल्यानें पोहतां येणाराहि वर चढूं शकत नाहीं. त्यास कुंपण घालावें, आंत गांठी मारलेले दोर सोडावे व काठावर हवा भरलेली ट्यूब ठेवावी. औषधांची खोली कुलुपांत असावी, पंपाच्या तारा उघड्या नसाव्या, आग्या मोहोळाच्या झाडाखालीं धूर करूं देऊं नये, आणि वाळल्या गवतांत कोणी विडी-सिगारेट टाकणार नाहीं याकडे एकानें लक्ष द्यावें.

अन्न विकावें काय?

आतां एका शंकेचा विचार करूं. पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींस पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घेणें कमीपणाचें वाटतें. ही भावना आदरणीय आहे, आणि नात्यागोत्याच्या पाहुण्यापुरती ती तशीच राहावी. पण ज्या माणसाला आपण धान्य, दूध व फळ विकतों, त्याला तेंच धान्य रांधून, सावली व रात्रीची झोप देऊन त्याचे दाम घेणें यांत कमीपणा कसला? कमीपणा लबाडींत आहे. बाजारांतून आणलेला आंबा आपल्या झाडाचा म्हणून देण्यांत आहे.

खरी शंका निराळीच आहे व ती घरांतल्या बाईनें विचारावयाची आहे. वीस माणसांच्या भाकरी कोणी थापावयाच्या? पुण्याच्या एखाद्या गृहिणीला चुलीपासून एक दिवस सुटका मिळावी म्हणून आपल्या घरच्या सुनेनें तो दिवस चुलीपुढें काढावयाचा, आणि पैसा मात्र पुरुषाच्या खिशांत जावयाचा, असें होणार असेल तर तो धंदा न केलेला बरा. पाहुण्यांच्या जेवणाचा हिशेब वेगळा ठेवावा. रांधणाऱ्या बायकांस, मग त्या घरच्या असोत वा शेजारच्या, त्यांतून रोख मजुरी द्यावी. आणि गांवांत बचत गट असल्यास स्वयंपाकाचें काम त्याच्याकडे सोंपवावें. शिवाय सर्वच शनिवार-रविवार न घेतां महिन्यांतले दोनच घ्यावे. घरच्या माणसांसहि कधीं तरी आमराईंत स्वस्थ बसतां आलें पाहिजे.

पहिल्या वर्षीं मोठा खर्च मुळींच करूं नये. पत्र्याच्या खोल्या व रंगीत दिवे यांसाठीं शहराचा माणूस येत नाहीं. तीं त्याच्या घराजवळच आहेत. स्वच्छ शौचालय, पिण्याचें निर्मळ पाणी, झाडाची सावली व सरळ बोलणें एवढें असलें म्हणजे पुरे. ओळखीचीं चार पुणेकर कुटुंबें बोलवावीं, त्यांच्याकडून उणें-अधिक समजून घ्यावें, आणि मृगाचा पाऊस पडून पाभर धरण्याच्या आंत जमाखर्च मांडून पाहावा. तो फायद्याचा ठरला तर पुढल्या चैत्रासाठीं बांधावर चार आंब्याचीं रोपें अधिक लावावीं. तीं धरतील तों पाहुण्यांचीं मुलें मोठीं झालेलीं असतील, आणि आपल्या मुलांनाहि शेत राखण्यास आणखी एक कारण मिळालेलें असेल.