वारा समोरून असताना

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर एप्रिलमध्ये ऊन पडतं, पण ऊब येत नाही. हिवाळाभर गारठलेला उत्तर समुद्र अजून थंडच असतो आणि त्यावरून येणारा ईशान्येचा वारा दुपारीही अंगातला कोट उतरवू देत नाही. ब्रिटनमध्ये हा वारा सर्वांत जास्त वाहतो तो फेब्रुवारी ते जून या काळात. कबुतरांच्या शर्यतींचा हंगामही नेमका याच दिवसांत उघडतो. संडरलंड, साउथ शील्ड्स, ईझिंग्टन ही एकेकाळची जहाजबांधणीची आणि कोळसा खाणींची गावं. शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या क्लबांत माणसं पाखरांच्या टोपल्या घेऊन येतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो: उद्याचं वारं कसं आहे? पाठवायची का?

मराठी वाचकाला कबुतरबाजी नवी नाही. पुण्या-मुंबईच्या जुन्या वस्त्यांत, कोल्हापुरात गच्च्यांवर ढाबळी आहेत. तिथे कौतुक होतं ते पाखरू आभाळात किती तास टिकतं याचं. कबुतर ढाबळीच्या डोक्यावरच घिरट्या घालत राहतं. इंग्लंडमधला खेळ वेगळा आहे आणि तो चेन्नई-बेंगळुरूच्या क्लबांमध्येही खेळला जातो. इथे कबुतरं गाडीत घालून शंभर, दोनशे, कधी आठशे किलोमीटरवर नेतात आणि सगळी एकदम सोडतात. त्यांनी आपापल्या ढाबळीत परतायचं. प्रत्येकाच्या ढाबळीचं अंतर वेगळं, म्हणून अंतराला वेळेनं भागून वेग काढतात. ज्याच्या पाखराचा वेग जास्त तो जिंकला. पूर्वी पायातली रबरी कडी काढून खास घड्याळात टाकावी लागे, आता पायातल्या चिपची नोंद उंबरठ्यावरच होते.

ईशान्य इंग्लंडमधले क्लब पाखरं दक्षिणेला नेऊन सोडतात. म्हणजे घरची वाट उत्तरेची, आणि ईशान्येचा वारा अर्धा समोरून, अर्धा उजव्या अंगावर येणार.

थंड वारा पाखराला बाधतो, हे कोणीही सांगेल. तो नेमका कसा बाधतो, याचा हिशेब मात्र जरा बारकाईनं करायला हवा. शर्यतीचं कबुतर हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगानं उडतं. वारा मागून असो की पुढून, त्याच्या पिसांवर आदळणारा झोत त्या ८० किलोमीटरचाच असतो. त्यामुळे समोरचा वारा पाखराला दर मिनिटाला जास्त गारठवतो, ही समजूत बरोबर नाही. शिवाय उडताना छातीचे स्नायू इतकी उष्णता तयार करतात की कोरड्या थंडीत उडणं एरवी सोपंच जातं. उन्हाळ्यातल्या दुपारी त्याहून जास्त हाल होतात.

फरक पडतो तो वेळेत. दक्षिणेकडच्या पीटरबरोहून संडरलंडच्या परिसरात यायला सुमारे २७० किलोमीटर पडतात. हवा शांत असेल तर साडेतीन तासांच्या आत पाखरू घरी. ताशी ३० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर अडीच तास पुरतात. तोच वारा थेट तोंडावर असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग ५० वर येतो आणि प्रवास साडेपाच तासांचा होतो. हंगामाच्या पहिल्या शर्यती याहून जवळच्या असतात, पण प्रमाण तेच राहतं. जेमतेम अर्धा किलो वजनाच्या जिवानं अंगातल्या चरबीवर काढायचे हे तास. या सगळ्या वेळात प्रत्येक श्वासाबरोबर अंगातला ओलावा जात असतो आणि वाटेत थांबल्याशिवाय पाणी मिळत नाही. दमलेलं पाखरू अखेर कुठल्या तरी शेतात किंवा छपरावर उतरतं, आणि उतरलेल्या पाखरांपैकी काही त्या दिवशी घरी येत नाहीत. काही कधीच येत नाहीत.

जूनमध्ये हेच कबुतर असा वारा कापून येतं, मग एप्रिलमध्ये का अडखळतं? कारण ते अजून तयार नसतं. कित्येक पाखरांनी नुकतीच पिल्लं वाढवलेली असतात. हिवाळाभर व्यायाम तुटक झालेला असतो. शिवाय वसंताच्या तोंडाला ससाणे आणि इतर शिकारी पक्षी भुकेले असतात, म्हणून अनेक पाळणारे मार्चमध्ये पाखरं बाहेर काढायलाच धजत नाहीत. ज्या पाखरांनी महिनाभर ढाबळीभोवती मनाजोगत्या फेऱ्या मारलेल्या नाहीत, त्यांच्याकडून पाच तासांची झुंज मागणं योग्य नाही.

पाखरू तयार आहे की नाही, हे जाणता माणूस हातात घेऊन ओळखतो. पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत, अंगठा शेपटीजवळ पंखांच्या टोकांवर, छाती आपल्या पोटाकडे. मग दुसऱ्या हाताची बोटं छातीच्या हाडावरून हळूच फिरतात. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं पण लवचिक हवं. डोळ्यांना भरलेलं दिसणारं पाखरू हाताला हलकं लागायला हवं. चोचीवरच्या गाठी खडूसारख्या पांढऱ्या हव्यात. पंख उलगडून एकेक पीस पाहायचं. पाखरू खाली ठेवलं की तळहातावर पांढरी भुकटी राहायला हवी. ही भुकटी पिसांमधूनच तयार होते आणि पिसांवरून पाणी ओघळून जायला मदत करते. कोरडा ईशान्य वारा आठवडाभर लागला की ही झळाळी उतरते, पिसं रुक्ष लागतात, असं तिथले जुने पाळणारे सांगतात. त्यांच्या बोटांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. हवामानाचा अंदाज वारा किती आहे ते सांगतो. तो वारा या पाखराला झेपेल का, ते बोटांनाच कळतं.

समोरचा वारा आणखी एक गोष्ट करतो. जमिनीलगत वारा मंद असतो, म्हणून कबुतरं तो चुकवायला खाली येतात आणि कुंपणांच्या, छपरांच्या उंचीवरून उडतात. तिथे विजेच्या तारा असतात. छाती फाटून, पंख मोडून घरी आलेली पाखरं अशा दिवशी जास्त दिसतात.

आणि किनाऱ्यावर धुकं. थंड समुद्रावरून येणारी दमट हवा सकाळी अख्खा किनारा झाकून टाकते. आत वीस किलोमीटरवर लख्ख ऊन, आणि ज्या गावी पोहोचायचं तिथे शेजारचं घर दिसत नाही! नुसतं ढगाळ आभाळ एवढं घातक नाही. अमेरिकेत विल्यम कीटन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चुंबकं बांधलेली कबुतरं उन्हात बरोबर दिशेला गेली, ढगाळ दिवशी मात्र गोंधळली. म्हणजे सूर्य नसताना ही पाखरं पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही आधार घेत असावीत. पण धुक्यात शिरलेल्या पाखराला दिशा ठाऊक असली तरी पुढचं झाड दिसत नाही.

सोडायची की नाही, हा निर्णय शनिवारी पहाटे गाडीबरोबर गेलेल्या माणसाचा आणि क्लबांच्या संघानं नेमलेल्या शर्यत-नियंत्रकाचा. ते वाटेवरच्या गावांतून फोन करून आभाळ विचारतात, वाऱ्याचे आकडे पाहतात, दोन तास थांबतात, कधी रविवारपर्यंत मुक्काम करतात. मुक्काम म्हणजे खोक्यांतल्या पाखरांना दाणा-पाणी आणि गाडीचा जादा खर्च. इकडे घरी माणसं आभाळाकडे बघत बसलेली असतात. हंगामभराच्या सरासरीवर बक्षिसं असतात, त्यामुळे एखादी शर्यत चुकवणं महाग पडतं. वर्गणी भरलेल्यांना शर्यत हवीच असते. या दडपणाखाली ‘वारं थोडं पडेल’ असं स्वतःला समजावणं सोपं असतं.

दुसऱ्या महायुद्धात थांबण्याचा पर्यायच नव्हता. ऑक्टोबर १९४३ मध्ये ब्रिटिश हवाई दलाचं एक कॅटालिना विमान स्कॉटलंडजवळच्या समुद्रात उतरलं. हवा इतकी वाईट की शोध घेणं अशक्य. विमानातून सोडलेली ‘व्हाइट व्हिजन’ नावाची मादी खवळलेल्या समुद्रावरून, ताशी ४० किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात सुमारे ९५ किलोमीटर उडून संध्याकाळी पाचच्या सुमारास ढाबळीत पोहोचली. सोडताना शंभर मीटर पलीकडचं दिसत नव्हतं. तिनं आणलेल्या ठिकाणाच्या नोंदीवरून विमानातली माणसं वाचली. त्या डिसेंबरात प्राण्यांच्या शौर्यासाठीची पहिली तीन डिकिन पदकं दिली गेली, त्यांतलं एक तिचं. ही गोष्ट कबुतरवाल्यांच्या बोलण्यात ‘बघा, पाखरू काय करू शकतं’ म्हणून येते. पण तिथे माणसांचे जीव पणाला लागले होते. शनिवारच्या शर्यतीत पणाला लागतो तो एक चषक.

पूर्ण खबरदारी घेऊनही दगा होतो, हेही खरं. १९ जून २०२१ रोजी पीटरबरोहून ईशान्य इंग्लंडसाठी सुमारे ९,००० कबुतरं सोडली गेली. हवा चांगली होती, तरी त्यांतली हजारो वेळेत परतली नाहीत, असं ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापलं. सूर्यावरच्या हालचालींपासून अनेक कारणं पुढे आली, खात्रीचं एकही सापडलं नाही. चांगल्या दिवशी असं घडू शकतं, तर वाईट दिसणाऱ्या दिवशी मुद्दाम धोका वाढवायचा कशाला?

दुसऱ्या बाजूलाही तथ्य आहे. ईशान्येचा वारा कधी तीन-तीन आठवडे हलत नाही. तेवढे दिवस पाखरं घरीच ठेवली तर ती कच्ची राहतात, आणि मे महिन्यात एकदम लांबच्या शर्यतीला गेली की तिथे जास्त मरतात. ‘थोडा वारा खाल्ल्याशिवाय पाखरू पक्कं होत नाही’ हे म्हणणं पोकळ नाही. म्हणून वाद ‘पाठवा’ आणि ‘पाठवू नका’ एवढाच ठेवला तर दोन्ही बाजू हरतात. अंतर कमी करणं हा त्यातला सर्वांत शहाणा मार्ग. दोनशेऐवजी ऐंशी किलोमीटरवरून, तेही पहाटेऐवजी धुकं विरल्यावर दहा वाजता सोडलं, तर समोरच्या ३० किलोमीटरच्या वाऱ्यातही पाखरू दीड-पावणेदोन तासांत घरी येतं. दमतं, पण पुढच्या शनिवारसाठी तयार होतं.

हे शुक्रवारी रात्री, टोपल्या भरल्यावर ठरवणं अवघड जातं. हंगामापूर्वीच्या बैठकीतच क्लबानं लिहून ठेवावं: पहिल्या तीन शर्यतींत समोरचा वारा अमुक वेगाच्या वर असला तर गाडी जवळच्याच ठिकाणी थांबेल आणि सरासरीचे गुण त्या अंतरावर मिळतील. मग पाखरं मागे ठेवणाऱ्यावर भित्रेपणाचा शिक्का बसणार नाही, नियंत्रकावर ओरडा होणार नाही. ज्याची पाखरं अजून हाताला जड लागतात, त्याला बुधवारी स्वतःच्या गाडीतून पंचवीस-तीस किलोमीटरवर नेऊन सोडायची मुभा आहेच, आणि तिथे वारा पाहून निघण्याची वेळ त्याच्याच हातात असते.