फळा दिसतो, मग चुकतं कुठे?

गिरगावातल्या ठाकूरद्वार नाक्यावरच्या बसचे हॉर्न, वाडीतली ताशाची तालीम, शेजारच्या बिऱ्हाडातली मालिका. चाळीतल्या खोलीत गणितं सोडवायला बसलेल्या मुलावर हे सगळं एकदम येऊन आदळतं. बहुतेकांचा मेंदू नको ते बाजूला सारतो. एडीएचडी, म्हणजे अवधान-कमतरता आणि अतिचंचलता असलेल्या मुलाला हे बाजूला सारणंच जड जातं. त्याचे डोळे उत्तम असू शकतात, बुद्धीही. तरी फळ्यावरचं अर्धंच वहीत उतरतं.

डोळ्यांनी टिपलेलं दृश्य डोक्याच्या मागच्या भागात पोहोचतं. तिथे सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा हेलकावणाऱ्या अल्फा लहरी असतात. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये त्या जगासमोर मांडल्या. आपण डावीकडे लक्ष दिलं, की उजव्या गोलार्धातल्या दृष्टिकेंद्रात अल्फा ओसरतो आणि ते केंद्र कामाला सज्ज होतं. दुर्लक्ष करायच्या बाजूचं दृश्य हाताळणाऱ्या केंद्रात तो चढा राहतो, जणू तिथलं दार लोटून घेतलेलं. एडीएचडीच्या काही अभ्यासांत ही उघडझाप कमकुवत आढळली, सगळ्यांत नाही. त्याहून अधिक सातत्याने दिसते ती प्रतिसादातली अस्थिरता: एका क्षणी चटकन उत्तर, पुढच्याच क्षणी मन भलतीकडे.

आणि वेळेचाही प्रश्न आहे. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेंदूच्या बाह्यावरणाच्या निम्म्या भागाने कमाल जाडी गाठण्याचं मध्यक वय इतर मुलांत साडेसात, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा होतं. सर्वाधिक विलंब होता तो मन आवरणाऱ्या पुढच्या भागांत. ‘जरा लक्ष दे!’ म्हणून पाठीत धपाटा घालणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

मात्र मेंदूचा आलेख काढून एडीएचडीचं निदान होत नाही. तसं सांगणाऱ्याकडे पैसे घालवू नयेत. लक्षणं बाराव्या वर्षाआधीची आहेत का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे डॉक्टर पालक-शिक्षकांना विचारून ठरवतात. खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुली इथे हमखास निसटतात, कारण त्यांचा वर्गाला त्रास नसतो. गिरगावकरांना नायर आणि केईएम, दोन्ही पालिका रुग्णालयं जवळची आहेत. गरजेनुसार औषध, पालकांना प्रशिक्षण, फळ्याजवळचा बाक आणि एका वेळी एकच छोटी सूचना, यांनी बराच फरक पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. ते यायला हवं.