ईसीएम गेलाय म्हणे!

इंजिनची लाइट पेटली, गाडी झटके द्यायला लागली, दोन-तीन सुटे भाग बदलूनही गुण आला नाही, की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘साहेब, ईसीएम गेलाय.’ ईसीएम म्हणजे इंजिनचा कारभार चालवणारा संगणक. नवा घ्यायचा तर घसघशीत खर्च. त्या बंद डब्यात काय चालतं हे मालकाला दिसत नाही, म्हणून तो मुकाट्याने मान हलवतो. ईसीएम खराब होतो, यात वाद नाही. पण तो खराब झालाय हे तपासून सिद्ध करता येतं, आणि तसं सिद्ध झाल्याशिवाय तो बदलू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

‘स्कॅनरनेच दाखवलं’ हे सर्वांत जास्त फसवणारं कारण. भारतात एप्रिल २०१३ पासून चारचाकींना ओबीडी-दोन, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोडच्या रूपात नोंदवण्याची पद्धत, लागू झालं. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की कोड वाचता येतात. पण कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. पी०१०७ आला तर त्याचा अर्थ एवढाच, की मॅप सेन्सरच्या (इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमधलं व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी आहे. सेन्सर बिघडला, वायर तुटली, कपलरला गंज चढला की ईसीएमच्या आत काही झालं, हे पुढे शोधावंच लागतं. ईसीएम स्वतःच्या स्मृतीबद्दल किंवा प्रोसेसरबद्दल तक्रार करतो ते कोड मोजके आहेत, उदाहरणार्थ पी०६०१, पी०६०४, पी०६०५, पी०६०६. तेही कधीकधी बॅटरी फार उतरल्यामुळे येतात. आधी बॅटरी धड करावी, कोड पुसावेत आणि ते परत येतात का हे पाहावं.

एकदम पाच-सहा सेन्सरचे कोड आले की मात्र भल्याभल्यांचा ईसीएमवरचा संशय पक्का होतो. ‘सगळे सेन्सर एकाच वेळी कसे जातील? म्हणजे ईसीएमच!’ तर्क बिनतोड वाटतो, पण अपुरा आहे. ईसीएम कित्येक सेन्सरना पाच व्होल्टचा पुरवठा सामाईक वायरीवरून करतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा एक वायर घासून बॉडीला टेकली, की सगळ्यांचेच पाच व्होल्ट कोसळतात. याची परीक्षा सोपी आहे. मीटर त्या पाच व्होल्टच्या वायरीवर ठेवायचा, इग्निशन चालू करायचं आणि त्या पुरवठ्यावरच्या सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जायचं. समजा मीटर ०.८ व्होल्टवर अडकलाय आणि एसीच्या प्रेशर सेन्सरचा कपलर निघताच तो टुणकन पाचवर गेला, तर दोषी सापडला. ईसीएम बिचारा निर्दोष सुटला. सगळे कपलर काढूनही पाच व्होल्ट येत नसतील, तर हार्नेस ईसीएमपासून सोडवून ती वायर कुठे शॉर्ट आहे का ते पाहायचं. तीही ठीक निघाली तरच डब्याकडे बोट दाखवायचं.

‘करंट आणि अर्थिंग चेक केलंय, बारा व्होल्ट येतात’ हेही असंच अर्धसत्य आहे. मल्टिमीटर वायरीतून जवळपास काहीच प्रवाह ओढत नाही. उंदराने कुरतडून एकच तार शिल्लक ठेवलेली असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. ईसीएम काम करू लागतो आणि त्याला खरा प्रवाह लागतो तेव्हा ती वायर दम तोडते. जाणकार मिस्त्री ईसीएमचा कपलर काढतो आणि त्याच्या सप्लाय आणि अर्थिंगच्या वायरींवर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडतो. बल्ब लख्ख पेटला तर वायर ठीक, मिणमिणला तर दोष तिथेच. (ही परीक्षा सप्लाय आणि अर्थिंगवरच करायची. सेन्सरच्या वायरीला बल्ब लावणं म्हणजे धडधाकट ईसीएम जाळणं.) इंजिन चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह आणि ईसीएमची अर्थ पिन यांच्यातला फरकही मोजावा. तो ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. त्याहून बराच जास्त असेल तर इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी उघडून, घासून, पुन्हा कसावी. कितीतरी गाड्या एवढ्यावर सुधारतात.

स्कॅनर ईसीएमशी बोलतच नाही, म्हणजे तो मेला, असंही सरसकट धरू नये. आधी फ्यूज आणि मेन रिले बघावा. मग बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजावा. या पिनांवर कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या लाइनच्या, दोन वायरी येतात, आणि बहुतेक गाड्यांत त्यांच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात, म्हणून मीटरवर साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटली आहे, शून्याजवळ आले तर शॉर्ट आहे.

बॅटरीची वायर तासभर काढून ठेवण्याचा उपाय घरोघरी चालतो. लाइट विझते, म्हणून दुरुस्ती झाली असं वाटतं. कित्येक गाड्यांत त्याने नेमका पुरावा पुसला जातो. कोडबरोबर ईसीएम त्या क्षणाची नोंद ठेवतो: वेग, इंजिनचे फेरे, कूलंटचं तापमान. मिस्त्रीला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट हीच. आधी स्कॅन करून त्या नोंदीचा फोटो काढावा, पुसणं नंतर.

आता ईसीएम खरंच कशाने जातो ते पाहू. जंप स्टार्ट देताना उलटी जोडलेली केबल, बॅटरी न सोडवता केलेलं वेल्डिंग, इंजिन चालू असताना काढलेली बॅटरी, शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल. कॉइलचं प्रकरण विशेष घातक. ती ईसीएममधला तिला चालवणारा ट्रान्झिस्टर जाळते, मालक नवा ईसीएम बसवतो, कॉइल तीच राहते आणि नवाही जळतो. म्हणून नवा डबा बसवण्याआधी कॉइल आणि इंजेक्टर यांचा रोध मोजलाच पाहिजे.

आणि पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. गाडी पाण्यात बुडली असेल तर इग्निशन चालू करायचं नाही, बॅटरीची निगेटिव्ह काढायची. ओल्या पिनांतून प्रवाह वाहत राहिला की त्या झपाट्याने गंजतात. ईसीएम उघडून, साफ करून, पूर्ण वाळवल्यावर तो वाचू शकतो. वरवर उन्हात ठेवून नव्हे.

ईसीएम खरोखरच बदलायचा ठरला, की शेवटचा मोठा गैरसमज पुढे येतो: त्याच मॉडेलचा जुना मिळाला की झालं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून कमी पैशात आणलेला डबा बसतो, कपलर लागतो आणि गाडी सुरू होत नाही. कारण इमोबिलायझर. चावीतल्या चिपची ओळख जुन्या ईसीएमला होती, या नव्या पाहुण्याला नाही. शिवाय एकाच मॉडेलचे पेट्रोल, सीएनजी, बीएस चार आणि बीएस सहा असे वेगवेगळे ईसीएम असतात. मारुतीच्या एस-सीएनजी गाड्यांत तर एकमेकांच्या साथीने चालणारे दोन ईसीयू (म्हणजे असेच नियंत्रक संगणक) असतात. लेबलवरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवावा. कॉमन रेल डिझेल असेल तर बऱ्याच गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवरचा कोड नव्या ईसीएममध्ये भरावा लागतो. तो भरला नाही तर इंजिन खडखडतं, धूर काढतं. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला स्थिर पुरवठा लागतो. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा डबा तिथेच अडकून बसतो.

ईसीएम दुरुस्त होतच नाही, हेही खरं नाही. जळलेला ड्रायव्हर ट्रान्झिस्टर कुशल माणूस बदलून देतो, सुटलेलं सोल्डर पुन्हा करून देतो. जुन्याची मेमरी शाबूत असेल तर ती वाचून दुसऱ्या डब्यात उतरवताही येते, आणि मग चावीपासून सगळी ओळख आपोआप जुळते. म्हणून नवा ईसीएम बसून गाडी आठवडाभर नीट चालेपर्यंत जुना डबा गॅरेजमध्ये सोडू नका. बिलावर त्याचा नंबर लिहून घ्या आणि तो घरी घेऊन या.