कळंबचं घर: आधी भाडेकरू, मग भाव

भाड्याच्या उत्पन्नासाठी कर्जत तालुक्यातल्या कळंबला घर घ्यायचं, तर आधी राहणार कोण ते पाहावं. समजा, 20 लाखांच्या सदनिकेला महिना 6,000 रुपये भाडं आलं. वर्षाला 72,000, म्हणजे 3.6 टक्के. महिनाभर घर रिकामं राहिलं, घरपट्टी आणि देखभाल भरली, की 3 टक्के जेमतेम उरतात. गृहकर्जाचं व्याज याहून कितीतरी जास्त. पनवेल-कर्जत लोकलमुळे भाव वाढतील, असं म्हणतात. वाढतीलही, पण कळंबहून नेरळ स्टेशन रस्त्यानेच गाठावं लागतं, आणि रोज मुंबईला जाणारा माणूस स्टेशनजवळचंच घर शोधतो. तेव्हा भरवसा गावातच नोकरी करणाऱ्यांवर. त्यांच्याशीही तोंडी व्यवहार नको: 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाचीच आहे.