व्यसनाशी गाठ, भाग ६ : दहा प्रश्न, चार बैठका

एकादशीला माळ घालून माणूस घरी येतो आणि उरलेली बाटली परसदारी ओतून टाकतो. घरात आनंदीआनंद. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, झोप लागत नाही. म्हातारी म्हणते, सवय सुटतेय, व्हायचंच. तिसऱ्या रात्री तो कुणालाच न दिसणाऱ्या मुंग्या अंगावरून झटकू लागतो, पोटच्या पोराला ओळखत नाही. मग अंगारा लावला जातो, कुणीतरी भगताला बोलवायला धावतं.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर अशा घराच्या उंबऱ्याशी सगळ्यांत आधी पोचते ती आशाताई. मागच्या भागात व्यसनाला आजार का म्हणायचं हे पाहिलं. या वेळी प्रश्न वेगळा आहे. आशाताई, आरोग्यसेवक, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, शाळेतले शिक्षक, कारखान्यातले कामगार अधिकारी, म्हणजे या आजाराशी रोज गाठ पडणारी माणसं. त्यांच्या हाताशी नेमकं काय आहे?

सुरुवात त्या तिसऱ्या रात्रीपासूनच करायला हवी. दारू मेंदूला रोज दाबत राहते, म्हणून मेंदू उलट जोर लावायला शिकतो. दारू एकाएकी थांबली की दाब जातो, जोर मात्र उरतो. थरथर आणि घाम शेवटच्या घोटानंतर काही तासांत सुरू होतात. झटके यायचेच असले तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. भास, भ्रम, ताप, अशी डिलिरियमची अवस्था साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान गाठते आणि उपचार न मिळाल्यास जिवावर बेतते. म्हणजे वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाने दारू सोडणं चांगलंच, पण त्याने ती कुणाला न सांगता, एका झटक्यात सोडणं धोक्याचं. यावरचे उपाय महागडे नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली डायझेपाम किंवा लोराझेपाम देऊन डोस दिवसागणिक उतरवत न्यायचा आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने द्यायचं. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी थायमिन, मग ग्लुकोजचं सलाईन. उपाशीपोटी पिणाऱ्याच्या शरीरात थायमिनचा खडखडाट असतो. त्यावर नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा, हा आपल्याकडचा लाडका आग्रह इथे अंगाशी येतो.

आता दहा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिका या सहा देशांतल्या अभ्यासातून तयार झाली. किती वेळा घेता, एका वेळी किती, सकाळी उठल्यावर लागते का, कुणी काळजीने बोललं का, असे साधे प्रश्न. एकूण गुण ४०. आठपासून धोका सुरू, आठ ते पंधराला सल्ला, सोळा ते एकोणीसला समुपदेशन, वीस किंवा अधिक आले तर डॉक्टरांकडून नीट तपासणी. वापरायला पैसे नाहीत, यंत्र नाही, दोन-चार मिनिटं पुरतात.

अडचण भाषेची आहे. प्रश्नावली ‘ड्रिंक’ मोजते. दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक ड्रिंक. गावात कुणी ड्रिंक घेत नाही, नाइन्टी मारतो नाहीतर क्वार्टर संपवतो. नेहमीच्या व्हिस्की-रमच्या ३० मिलिलिटरमध्ये साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सहा ड्रिंक झाले. गंमत अशी की ऑडिटचा तिसरा प्रश्न नेमका हाच आहे : एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा घेता? आपण फार घेत नाही, रोजची एक क्वार्टर, असं शपथेवर सांगणारा माणूस या एका प्रश्नात पूर्ण चार गुण घेऊन बसतो. गावठीचं गणित मात्र कुणालाच मांडता येत नाही, कारण तिची तीव्रता भट्टीगणिक बदलते. तिथे ग्लास मोजावेत आणि सकाळचा घोट विचारावा.

प्रश्न विचारून झाले. पुढे काय? मनोविकारतज्ज्ञ तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही, अलिबागचं जिल्हा रुग्णालय शंभरावर किलोमीटर दूर. याचं सगळ्यांत उपयोगी उत्तर याच किनारपट्टीवर, खाली गोव्यात शोधलं गेलं. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण मिळालेले ३७७ पुरुष. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्याशिवाय समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका. त्या घेणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. आसपासचीच शिकलेली माणसं, मानसिक आरोग्याचा पूर्वानुभव नसलेली, प्रशिक्षण देऊन तयार केलेली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. गेल्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता.

हे आकडे फुगवून सांगायचं कारण नाही. जे पीतच राहिले त्यांच्या पिण्याचं प्रमाण घटलं नाही, बायकोला होणाऱ्या मारहाणीतही फरक दिसला नाही. ती स्वतंत्र लढाई आहे. शिवाय २० किंवा अधिक गुणांची, शरीरच दारूवर अवलंबून असलेली माणसं या चाचणीत नव्हतीच. त्यांना डॉक्टर हवाच. पण त्या चार बैठकांतलं तंत्र बघण्यासारखं आहे. उपदेश वर्ज्य. दारू सोड, पोरांकडे बघ, हे तो वर्षानुवर्षं ऐकत आलेला असतो. समुपदेशक विचारतो, पिण्याने काय मिळतं, काय जातं, आणि तोच हिशेब त्याच्या तोंडून वदवून घेतो. आणखी एक युक्ती उचलण्याजोगी : समुपदेशक आपल्या बैठकांच्या ध्वनिफिती एकमेकांना ऐकवून गुण देत. चुका पकडायला बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज त्यामुळे कमी झाली. पोलादपूरच्या मासिक आशा-बैठकीत हे करायला काय हरकत आहे?

एम्सच्या राष्ट्रीय व्यसनमुक्ती उपचार केंद्राने केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळलं की दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. दवाखान्यात दाखल होणारा १८० मध्ये एक. या आकड्यांसमोर फक्त केंद्रांच्या खाटा वाढवून भागणार नाही हे उघड आहे.

दूरचा तज्ज्ञ जवळ आणायला फोन आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस १४४१६. रेंज मिळायला टेपावर चढावं लागतं ही तक्रार खोटी नाही, म्हणून फोन कार्यकर्त्याने लावून द्यावा, नुसता नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नये.

दाखल करायची वेळ आलीच तर नजर पुण्याकडे वळते. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरवर, लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. तिथेच डॉक्टर असलेल्या सुनंदा अवचट यांनी ते घडवलं. आज ते पस्तीस दिवसांच्या उपचारांसाठी ओळखलं जातं, पण कार्यकर्त्यांना त्याचा दुसरा उपयोग जास्त आहे : केंद्र सरकारच्या योजनेत ते इतर संस्थांच्या माणसांना शिकवणारं प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रही आहे. महाडहून वरंध घाटाने पुणे जवळ, पण अलीकडे पावसाळ्यात तो घाट वारंवार बंद असतो. तेव्हा पाठवायचं तर ताम्हिणीवरून, आणि तोही बंद पडण्याआधी.

खाजगी केंद्र निवडताना एक गोष्ट तपासावीच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार आपल्या कक्षेत घेतले आहेत. केंद्राची नोंदणी विचारा. रुग्णाला साखळीने बांधणं कुठल्याही स्वरूपात गुन्हा आहे. आणि जेवणात गुपचूप डायसल्फिराम कालवायला देणारा कुणी भेटला तर पाठ फिरवा. ती गोळी पोटात असताना दारू गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला माहीत असताना, डॉक्टरांच्या नजरेखाली ती उपयोगी आहे, चोरून नाही.

मग माळ आणि बैठक? यांना शास्त्राच्या तराजूत हलकं धरण्याची चूक शहरी माणूस करतो. दासबोधाचं जन्मस्थान मानली जाणारी शिवथरघळ महाड तालुक्यातच आहे. त्याच दासबोधाचं निरूपण करणाऱ्या, रायगडमधल्याच रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींच्या बैठका १९४३ पासून पसरल्या. दर आठवड्याला ठरलेली जागा, ठरलेली वेळ, न आल्यास विचारपूस करणारी माणसं : १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगाही याच आधारावर चालतात. महिनाभराच्या उपचारानंतर घरी परतलेल्याला हाच धागा सावरतो. फक्त बुवांनी माळ घालताना एक प्रश्न विचारावा : सकाळी उठल्या उठल्या लागते का? हो म्हणाला तर आधी दवाखाना, चार-पाच दिवसांनी माळ. उभी-आडवी बाटलीचं मतदान जिंकून दुकान बंद पाडणाऱ्या महिलांनीही तारीख आरोग्य केंद्राला आधी कळवावी. २२ जुलै २०२१ सारखा पूर आला, वाट तुटली, की गुत्ताही आपोआप बंद होतो आणि निवाऱ्यात तिसऱ्या दिवशी कुणीतरी मुंग्या झटकू लागू शकतो. पुराच्या औषधपेटीत थायमिन असावं.

पाठपुराव्याच्या वहीत तारखा लिहिताना कोकणातलं कॅलेंडर धरावं : गटारी, गणपती, शिमगा. मुंबईचे चाकरमानी याच दिवसांत उतरतात, हातात बाटली असते, आग्रह असतो. सुटलेल्या माणसाची भेट शिमग्याच्या आठ दिवस आधी घ्यावी, पालखी नाचून झाल्यावर नव्हे.

पुढच्या आठवड्यात मिश्री. ती कुणी व्यसनात धरत नाही, आणि घासणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.